पिशवी न घेता

वहिनी, तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले, आणि या पंधरा दिवसांत लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न तुझ्याबद्दलचा नाही. प्रश्न असा, की आता लायसन कशाला? भेटायला आलेल्या बायका डोळे पुसतात, पदर सारखा करतात, आणि निघता निघता हळूच विचारतात, "मंग आता ती मोटारसायकल नाय ना चालवायचीस?" जणू तुझ्याबरोबर तीही सरणावर चढवली.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. मी गाडी शिकत होते ती तुला डायलिसिसला रत्नागिरीत न्यायला. आता न्यायचं कुणाला? मी त्यांना उत्तर देत नाही. उत्तर तुला द्यायचं आहे, कारण हा वाद मुळात तुझा नि माझा. तो अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस, आणि तेही मी चिडलेली असताना.

थोरल्या जावेला तू म्हणते म्हणून कुणी नाक मुरडील, तर मुरडो. घरात बावीस वर्षं मी तुला 'अहो वहिनी' हेच म्हटलं. पण गाडीवरचा पहिला दिवस आठव. मी पुढे, तू मागे. उतार लागला, गाडी सुटली, आणि मी आपली विचारतेय, "अहो वहिनी, आता ब्रेक दाबू का?" वाक्य पुरं व्हायच्या आधी आपण दोघी जांभ्याच्या गडग्याला, त्या दगडी कुंपणाला जाऊन टेकलो. तू उठलीस, माझ्या कोपराला लागलंय का पाहिलंस आणि म्हणालीस, "गाडीवर मानपान नाय हां. गाडीवर मला तू म्हणायचं." घरी आल्यावर पुन्हा अहो. तेव्हा हे सगळं मी गाडीवरून बोलतेय असं समज.

गाडी तुझ्या नवऱ्याची, म्हणजे भावोजींची. भावोजी बोटीवर गेले की आठ-नऊ महिने घरी नसत, आणि ती काळी मोटारसायकल पडवीत ताडपत्रीखाली झोपून असे. इकडे आपली दोघींची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका. लांबच्या बागेतून आणलेली काडी त्याच दिवशी बांधली नाही तर सुकते, मग कलम धरत नाही. एसटीची वाट बघण्यात आपल्या किती काड्या मेल्या! एक दिवस तू ताडपत्री ओढलीस आणि गाडी वरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर नेऊन एकटीने शिकलीस. वाडीने तोंडात बोटं घातली. स्कूटी असती तर एक वेळ चाललं असतं, पण बाईमाणूस गिअरची गाडी चालवणार? सुट्टीवर आलेल्या भावोजींच्या कानावर ते गेलं. जाताना गाडीची चावी कपाटात ठेवून कपाटाची चावी बरोबर घेऊन गेले.

तुला त्याचा काय फरक पडणार होता? दुसरी चावी तू आधीच बाजारातून करून आणली होतीस. ती राहायची तुझ्या कलमाच्या डब्यात, सुऱ्यांखाली, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या गुंडाळीत. पुरुषाने हात लावला तर कलमाची सुरी बोथट होते, असं सगळ्या घरात पसरवलंस तूच. माझे सासरेसुद्धा ते खरं मानून गेले. पुढे रीतसर परीक्षा देऊन पहिल्याच फेरीत लायसन काढलंस. बाईच्या नावावरचं वाडीतलं ते पहिलं. बारा वर्षं तू ती गाडी पळवलीस, भावोजी घरी असले की ताडपत्री घातलीस, गेले की काढलीस, आणि दर वेळी मला डोळा घातलास.

मग तुझी किडनी गेली. डायलिसिसच्या सुईसाठी डाव्या हाताची शीर जोडून फिस्टुला केला तेव्हा डॉक्टर सांगत होते, या हाताने जड उचलायचं नाही, काही दाबायचं नाही. मी आहार विचारत होते, पाणी किती प्यायचं ते विचारत होते. तू फक्त एक शब्द बोललीस. "क्लच?" डॉक्टरांना कळलंच नाही. मला कळलं, आणि दवाखान्याच्या जिन्यात मी पहिल्यांदा रडले. तुझा आजार ऐकून नाही रडले, त्या एका शब्दावर रडले.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सकाळी सातचा नंबर. सकाळची एसटी पोचायची साडेनऊला. रिक्षा मिळाली तर मिळाली. येताना तू एसटीत खिडकीला डोकं टेकून बसायचीस आणि वाडीचा फाटा आला तरी उठायचं त्राण नसायचं. आमचे हे सावर्ड्याला नोकरीला, शनिवारी येणार. भावोजी समुद्रावर. मीच म्हटलं, मी शिकते. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने हे म्हटल्यावर सगळे हसले. तू हसली नाहीस. तू रोपवाटिकेची जुनी पत्र्याची पाटी कापलीस आणि गेरूने त्यावर लाल एल काढलास. पाटी पुढून एल आणि मागून 'कलमे मिळतील.'

मग सुरू झाली आपली शाळा. सड्यावर कातळ सपाट बघून तू चुन्याने आठचा आकडा काढायचीस. पावसाने धुतला की पुन्हा. शेवाळावरून गाडी घसरायची. परीक्षेत या आठवरून गाडी फिरवायची आणि पाय जमिनीला लागता कामा नये, एवढंच तर होतं. हेल्मेटातून ऐकू येईना म्हणून तू खुणा ठरवल्यास. उजवा हात माझ्या खांद्यावर. एकदा दाबला की ब्रेक. दोनदा दाबला की गिअर खाली. नुसता ठेवलेला असला की सगळं ठीक आहे, चालू दे. डावा हात तू पदरात जपून धरायचीस. दोन महिन्यांत मी इतकी तयार झाले, की तुझं बोट हलायच्या आधी माझा पाय ब्रेकवर जायचा. वाटायचं, आली मला गाडी.

पहिल्या परीक्षेच्या सकाळी तू कोपऱ्यावरच्या जागेवाल्या देवापुढे नारळ ठेवलास. गाऱ्हाणं घालायला घरात पुरुष नव्हता, आणि असता तरी तू थांबली नसतीस. "बा जागेवाल्या म्हाराजा, आज ही माजी जाव गाडीच्या परीक्षेला चाल्लेय. हिचा पाय जमनीला लागू देऊ नको रे म्हाराजा." पुढचं 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तेही तूच म्हटलंस, आवाज बदलून. मला हसू आवरेना.

एसटीने गेलो, परीक्षेपुरती गाडी तिथेच भाड्याने घेतली, आणि नापास झाले. आठच्या मधोमध, जिथे दोन गोल एकमेकांना मिळतात तिथे, मी वाट बघत राहिले. कसली? तुझ्या बोटाची. खांद्यावर काहीच दाबलं गेलं नाही, गाडी हळू झाली, कलली, आणि माझा डावा पाय खाडकन खाली. आरटीओच्या साहेबांनी नुसती मान हलवली. परीक्षेत मागे कुणी बसत नाही, ही साधी गोष्ट आपल्या दोघींच्या डोक्यात चार महिन्यांत एकदाही आली नव्हती. सगळा गाव शहाणा म्हणतो त्या तुझ्या डोक्यातसुद्धा!

स्टँडवर बसलो होतो. तुला दिवसाचं पाणी मोजून, म्हणून माझ्या चहातले दोन घोट घेतलेस आणि विचारलंस, "पाय कशाला टेकलास गो?"

"तुम्ही दाबलं नाहीत म्हणून."

आधी तू हसलीस. एसटी आली, बसलो, हातखंब्याच्या पुढे गेल्यावर म्हणालीस, "मंग चूक माजी हाय. उद्यापासून मी मागे नाय बसायची."

तिथून आपलं भांडण लागलं. माझं म्हणणं, मला तुम्हालाच न्यायचंय, म्हणजे मागे तुम्ही असणारच, मग तुमच्याशिवाय चालवायला शिकून मी काय करू? तू म्हणालीस, "हेच चुकतंय तुजं. तू माज्यासाठी शिकतंयस. माज्यासाठी शिकलंस तर माज्यासंगत जाईल ते." मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नका. तर माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवलंस. ती कापडी पिशवी मी गाडी काढली की हँडलला अडकवायचीच. सड्यावर सरावाला जातानासुद्धा. येताना टाकळा घेऊ, कोपऱ्यावर दळण टाकलंय ते घेऊ. "ज्या दिवशी पिशवी न घेता गाडी काढशील ना बायो, त्या दिवशी म्हणेन, हिला गाडी आली."

मला राग आला. म्हटलं, बिनकामाचं हिंडायला मी काय रिकामटेकडी आहे? तुमच्यासाठी या वयात हाडं मोडून घेतेय आणि तुम्हालाच त्याचं काही नाही! बोलू नये ते बोलले. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मोबाईल पुढे केलास. परीक्षेची पुढची तारीख तू परस्पर घेऊन ठेवली होतीस, लर्निंगची मुदत संपायच्या आधीची, अगदी शेवटच्या आठवड्यातली. भांडण मिटलं असं आपण दोघींनी धरलं. मिटलं नव्हतं. मी पिशवी घेतच राहिले, मुद्दाम.

परीक्षेला आठवडा राहिला होता, त्या सोमवारी दुपारी जेवून पडलीस ती उठली नाहीस. मंगळवारची रिक्षा सांगितलेली होती. नको म्हणून फोन मीच केला.

मी तुला एकदाही नेलं नाही, वहिनी. लर्निंगवर दवाखान्याच्या रस्त्याला गाडी घालायची नाही हा नियम तुझाच. एक दिवस मोडला असता तर काय झालं असतं? ज्या कामासाठी सगळा खटाटोप केला ते काम एकदाही झालं नाही, हे मला रोज सकाळी सातला आठवतं. रडू येतं, रडते, आणि रडून झालं की कलमांना पाणी घालते.

भावोजी पोचले तिसऱ्या दिवशी. कुठल्याशा बंदरात त्यांना उतरवलं, तिथून विमान, मग गाडी. अग्नी ह्यांनीच दिला होता. आल्यावर ते पडवीत गेले, मोटारसायकलजवळ उभे राहिले, तिच्यावरची धूळ हाताने पुसली, कपाटातली तिची चावी काढून खिशात घातली. आणि ताडपत्री टाकली. त्या माणसाचं दुःख मला दिसत होतं. पण परीक्षेला पाच दिवस राहिले होते.

मी सांगितलं, भावोजी, येत्या सोमवारी माझी परीक्षा आहे. ते म्हणाले, "आता कुणाला न्यायचंय तुला?" तोच प्रश्न, पण त्यांच्या तोंडून तो वेगळा लागला. शेजारी चुलत सासरे आबाकाका बसले होते. त्यांनी पुढचं उचललं. घरात सुतक आहे, दहावं व्हायचंय, सुतकातल्या बाईने आठव्या दिवशी फटफटी उडवत जायचं म्हणजे गावाला काय तोंड दाखवायचं? मी विचारलं, काका, काल तुम्ही पंचायतीच्या मीटिंगला जाऊन आलात ना? सुतक घरी ठेवून गेला होतात काय? मोठ्या माणसाला असं बोललेलं तुला आवडलं नसतं. नाही, खोटं कशाला बोलू, तुला भलतंच आवडलं असतं.

सोमवारी सकाळी मी तुझा डबा उघडला. सुऱ्या, पट्ट्या, आणि गुंडाळीच्या आत चावी. तुझ्या हातून लागलेला आंब्याचा चीक अजून सुरीच्या मुठीवर होता. मी तो पुसला नाही. ताडपत्री काढली, गाडी अंगणात आणली. हे बाहेर आले, हेल्मेट घालून. मला वाटलं चालवायला आले. मी बाजूला झाले तर म्हणाले, "तू बस पुढे. लर्निंगवाल्याबरोबर लायसनवाला लागतो. वहिनीचा नियम हाय." आणि माझ्या मागे बसले. दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर. आबाकाका ओटीवरून बघत होते. अख्ख्या वाडीतून मी माझ्या नवऱ्याला मागे बसवून घेऊन गेले. तोंड दाखवायचं होतं ना गावाला, दाखवलं.

जागेवाल्यापुढे नारळ ठेवला नाही. सुतकात देवाचं काही चालत नाही. बरंच झालं, मागच्या खेपेला त्याने काय दिवे लावले ते पाहिलंच होतं.

आता ऐक. या ठिकाणी लोकांना वाटेल मी असं म्हणणार, की आठवर गाडी घातली आणि तुझा हात खांद्यावर जाणवला. नाही जाणवला. मी वाटही बघितली नाही. मधोमध आले, जिथे मागच्या वेळी पाय टेकला तिथे, गाडी कलायला लागली, आणि खांदा रिकामा होता. इतका रिकामा की रागच आला. तुझा राग, तुझ्या किडनीचा, सकाळच्या एसटीचा, 'आता कशाला'चा. त्या रागात मी थोडी मूठ पिळली, मान वर केली आणि दुसऱ्या गोलात शिरले. पाय वरच राहिले. साहेबांनी पुन्हा एकदा फिरवायला लावली. फिरवली. "झालं, जा," म्हणाले. ह्यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि पलीकडे तोंड करून डोळे पुसले. माझे कोरडे होते.

त्या दिवशी आम्ही घरी आल्यावर भावोजी दारात आले. चावी तर त्यांच्या खिशात होती आणि गाडी अंगणात उभी होती! त्यांनी नुसतं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेले. दहावं, बारावं, तेरावं सगळं रीतीने झालं. मी सगळं केलं, कशात कमी केलं नाही. कार्ड पोस्टाने येईल, तोवर लायसन मोबाईलमध्ये आलंय. फोटोत मी चोरासारखी दिसते.

काल, चौदाव्या दिवशी, दुपारची कामं आवरली आणि गाडी काढली. सांगू का, हात पिशवीकडे गेलाच. दळण संपलंय का? नाही. पट्ट्या आणायच्या होत्या का? भरपूर आहेत. तुझ्या डायलिसिसच्या फाइलची झेरॉक्स? ती कुणाला हवी आता! कारण सापडेना म्हणून मी अंगणात उभी राहून अक्षरशः कारण शोधत होते. बिनकामाचं घराबाहेर पडायला इतकं अवघड जातं हे मला या वयात कळलं. पिशवी पुन्हा खुंटीला लावली आणि किक मारली.

रत्नागिरीत शिरल्यावर दवाखान्याचा फाटा येतो. तिथे पाय आपोआप ब्रेकवर गेला. वळले नाही. सरळ भाट्याच्या पुलावरून पलीकडे गेले. खाडीवर वारा होता, साडी फडफडत होती, मागून एक पोरगा हॉर्न वाजवून ओरडला, "काकू, सांभाळून!" मी त्याला पुढे जाऊ दिलं नाही बराच वेळ. सुरूच्या झाडांशी थांबले. एकटीने भज्यांची प्लेट घेतली आणि अख्खा चहा प्यायले, दोन घोट कुणाला न देता. टपरीवाल्याने विचारलं, "कोण यायचंय का?" म्हटलं, कोणी नाही. "मंग इकडं काय काम काढलंत?" म्हटलं, काही नाही. आणि तिथे बसून मी रडले, वहिनी. तू बरोबर होतीस म्हणून रडले. हे तुझ्या तोंडावर सांगायला दोन महिने होते माझ्याकडे, आणि मी पिशवी अडकवत बसले.

परत आले तर भावोजी पायरीवर बसलेले. "कुठं गेली होतीस?"

"कुठंच नाय."

"काय काम होतं?"

"काय काम नव्हतं, भावोजी. अशीच गेले होते."

त्यांनी हेल्मेटकडे बघितलं. मग म्हणाले, "चावी डब्यात ठेव परत. तिची जागा तीच हाय. भायेर राहिली तर हरवशील."

त्यांना माहीत होतं, वहिनी. बारा वर्षं माहीत होतं. पहिल्याच सुट्टीत पट्ट्या शोधताना सापडली म्हणे. कपाट बंद करून जात राहिले, पुन्हा डब्याला हात लावला नाही, आणि इकडे तू दर वेळी जिंकल्यासारखी मला डोळा घालत राहिलीस. लोकांना हे ऐकून भरून येईल. मला रागच आला. माहीत होतं तर एकदा तरी म्हणायचं होतं, घेऊन जा गो गाडी. तेवढ्या एका वाक्यासाठी तू किती वेळा ताडपत्री घातलीस नि काढलीस! तसं त्यांना म्हटलंही. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "बोलायला हवं होतं." एवढंच.

चावी मी डब्यात ठेवली नाही. हातोडी आणली, पुढच्या दारामागे नाही, दारासमोरच्या खांबाला खिळा ठोकला आणि तिथे लावली. अंगणात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसते. आबाकाकांना तर ओटीवरूनसुद्धा दिसते.